चाचींचं वज्रासन

“खिडक्या मी उघडते.”

योगाच्या बाईंनी ‘डोळे मिटा’ म्हटलं की चाची हे वाक्य हळूच बोलून उठायच्या. आम्ही वीसजणी मांडी घालून ओंकार म्हणायचो आणि त्या हॉलच्या आठ खिडक्या एकेक करून उघडायच्या. तिसरा ओंकार संपेपर्यंत आठवी खिडकी उघडलेली असायची. मग त्या आपल्या सतरंजीवर येऊन बसायच्या. शेवटी प्रार्थनेच्या वेळी त्याच खिडक्या बंद करायच्या. पहिला महिनाभर मला वाटलं, हॉलची देखभाल यांच्याकडे आहे. एकदा मी त्यांना पंखा वाढवायलाही सांगितलं, आणि त्यांनी वाढवला. अशी मी हुशार!

ही गोष्ट विक्रोळीतली, आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाच्या हॉलमधली. चाची रत्नागिरीकडच्या मुसलमान, साठी ओलांडलेल्या. मराठी माझ्याहून खणखणीत. मासे घ्यायला बरोबर गेलं की कोळणीपुढे माझी बोलती बंद आणि यांची सुरू. मी वर्गात वजन कमी करायला जात होते, त्याचं काय झालं ते सोडा. चाची मात्र एकाच कामासाठी यायच्या. त्यांना जमिनीवर बसून नमाज पढायची होती.

गुडघे गेल्यामुळे तीन वर्षं त्या खुर्चीवर बसून नमाज पढत होत्या. खुर्चीवरून पढलेली नमाजही चालते, धर्मात तशी सूट आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. “पण कपाळ जमिनीला लागत नाही गं,” म्हणाल्या. “पाहुण्यासारखं वाटतं.”

बाईंनी पहिल्या दिवशी वज्रासन दाखवलं तेव्हा चाची हसल्याच. नमाजात बसतात ते हेच बसणं. बाईंनी त्यांच्या टाचांवर जाडजूड गोधडीची घडी ठेवली आणि त्यावर बसवलं. दर पंधरा दिवसांनी एक घडी कमी. सूर्यनमस्कारात चाची सगळ्या हालचाली करायच्या, फक्त हात जोडायच्या नाहीत. आम्ही सूर्याची नावं घ्यायचो तेव्हा त्या एक, दोन, तीन मोजायच्या. बाईंनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. शवासनात मी घोरायला लागले की चाची पायाच्या अंगठ्याने मला ढोसायच्या. “मेल्यासारखं पडायचं सांगितलंय. मेलेलं माणूस घोरतं का?”

तुम्ही म्हणाल, त्यांच्या घरच्यांना हे चाललं कसं? नाहीच चाललं. एका रविवारी त्यांचे दीर आले आणि म्हणाले की योग म्हणजे मुळात पूजाच, आपल्याला तो करता येत नाही. चाचींनी त्यांच्यासमोरच मशिदीतल्या मौलानांना फोन लावला. मौलानांनी विचारलं, तिथे पूजा करता का, मंत्र म्हणता का? चाची म्हणाल्या, नाही, मंत्र चालू असतात तेव्हा मी खिडक्या उघडते. मौलाना हसले म्हणे, आणि व्यायाम आहे, करा म्हणाले. दिरांचं तरीही समाधान होईना. तेव्हा चाची त्यांना म्हणाल्या, “माझे गुडघे तुम्ही वाकवून द्या, मी उद्यापासून जात नाही.” दीर चहा पिऊन गेले.

गोधडीची शेवटची घडी निघाली त्याच्या आठवडाभराने चाची वर्गात डबा घेऊन आल्या. आत सांदणं. कशाबद्दल, विचारलं तर सांगेचनात. मग घरी परतताना हॉलच्या जिन्यात मला धरून म्हणाल्या, “आज पहाटे कपाळ खाली टेकलं.” मला रडूच आलं. मी कशाला रडावं, माझा काय संबंध? पण आलं.

पुढच्या वर्षी बाई मुलीकडे नाशिकला गेल्या आणि नवीन सर आले. सर वाईट नव्हते, उगाच कशाला बोला. माझी पाठ त्यांनीच बरी केली. पण ओंकाराशिवाय योग म्हणजे नुसती कवायत, असं त्यांचं ठाम मत होतं. चौथ्या दिवशी ते चाचींना म्हणाले, ओंकार चालू असताना कोणी उठायचं नाही. चाची म्हणाल्या, बरं, मी डोळे मिटून बसते, पण तोंडाने म्हणणार नाही. सर अगदी नरम आवाजात म्हणाले, निदान ओठ तरी हलवा.

“ओठ हलवून खोटं कशाला बोलू, सर? तुमच्याशीही आणि त्याच्याशीही?”

सर म्हणाले की मग तुम्ही दुसरा एखादा व्यायाम बघा. आणि आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, कोणाला काही म्हणायचं आहे का?

आम्ही वीसजणी होतो. पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला घाम फोडणारी मी, पहिल्या रांगेत होते. मनात आलं, सर चिडून गेले तर वर्ग बंद पडेल, माझी पाठ पुन्हा धरेल. मी सतरंजीच्या दोऱ्याशी चाळा करत बसले. चाचींनी आपली सतरंजी गुंडाळली आणि गेल्या.

त्यानंतर बाजारात भेटायच्या, पापलेटच्या भावावर बोलायच्या. त्या दिवसाचं नाव नाही. घरी करता का, एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “घरी कोण बसू देतं? बसले की कुकर बोलावतो.” सहा-सात महिन्यांनी त्यांच्या सुनेकडून कळलं की खुर्ची परत आली.

मग त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि मुलाने पनवेलला घर घेतलं. सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला गेले. दुपार कलली, घर रिकामं झालं, मुलगा आणि सून खाली टेम्पोपाशी होते. नमाजाची वेळ झाली. खुर्ची टेम्पोत गेली होती. मी म्हटलं, पळत जाऊन आणते. त्या म्हणाल्या, राहू दे.

रिकाम्या फरशीवर त्यांनी जानमाज अंथरली. मी दारात उभी राहिले. भिंतीला हात लावत त्या खाली गेल्या, पुढे वाकल्या, आणि कपाळ जमिनीपासून वीतभर वर थांबलं. पुन्हा प्रयत्न केला. तिथेच थांबलं. तशीच त्यांनी नमाज पुरी केली. उठताना जमेना, म्हणून मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्या माझ्या खांद्याला धरून जरा दम खात राहिल्या.

“बोलायला पाहिजे होतंस गं तू,” त्या म्हणाल्या.

“हो चाची,” मी म्हटलं. “पाहिजे होतं.”

त्यांनी मान हलवली, जानमाजची घडी माझ्या हातात दिली आणि चपला घालायला भिंतीचा आधार घेतला.