उताराआधीची शीळ

माझ्या दुकानात यायचं तर रस्त्यावरून तीन-चार पायऱ्या खाली उतरावं लागतं. रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेला आणि दुकान होतं तिथेच राहिलं. बाकीची गिऱ्हाइकं धडाधड उतरतात. काका मात्र वरच्या पायरीशी थांबायचे. कठड्याला हात लावायचे, एक बारीक, लांब शीळ घालायचे आणि मग उतरायचे. ती शीळ ऐकली की मी हातातला लॅपटॉप बाजूला ठेवून चहा सांगायची.

"अहो काका, इनमीन चार पायऱ्या आहेत," मी एकदा म्हटलं.

"उतार तो उतार," ते म्हणाले.

काका रेल्वेत ड्रायव्हर होते. कर्जतला गाडीच्या मागे जी इंजिनं जोडतात आणि घाट चढवून देतात, त्यांना बँकर म्हणतात. काकांचा सगळा जन्म त्या बँकरवर गेला. वर जाताना गाडी मागून लोटायची आणि घाट उतरताना ठाकुरवाडीसारख्या ठरलेल्या जागी थांबायचंच. ब्रेक धरतोय याची खात्री पटली की भोंगा द्यायचा आणि निघायचं. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. ते राहायचे त्या भिसेगावात भाजी आणायला निघाले तरी उतार आला की थांबत आणि शीळ घालत. नवी सून आलेल्या एका घरात त्या शिळेचा गैरसमजही झाला होता, तो मिटवायला काकूंना जावं लागलं.

आमच्या घरी बायकांनी शीळ घालू नये असं म्हणत. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि हरवलेला स्क्रू मला शीळ घातल्याशिवाय सापडत नाही. काकांनी ती ऐकली तेव्हा मान डोलावली. "तुजी शीळ चांगली हाय गं. गार्डाच्या डब्यात शोभली असतीस." माझ्या शिळेचं कौतुक करणारा माणूस मला तो एकच भेटला.

काकू गेल्या, आणि कॅनडातल्या मुलाने काकांना हातात धरून खेळायचा गेमचा कॉम्प्युटर पाठवला. मध्ये छोटा पडदा, दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या दांड्या. कारण साधं होतं. फोनवर या बापलेकांना बोलता यायचं नाही. जेवलास का, जेवलो, थंडी आहे का, आहे, एवढ्यावर फोन संपायचा. मग मुलाने बंदुकीचा गेम घालून दिला. दोघांनी जोडीने एका मोठ्या बेटावर उतरायचं आणि शत्रूला टिपत शेवटपर्यंत टिकायचं. काकांच्या घरी नेट धड चालत नसे, म्हणून रविवारी सकाळी ते दुकानात येऊन खेळायचे. तिथे मात्र दोघांचं बोलणं थांबत नसे. एकदा भिंतीआड लपून गोळ्या भरता भरता ते काकूंच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलले. एरवी ते कधी झालं नसतं.

खेळ म्हणाल तर आनंदच होता. काका कधी पुढे जायचे नाहीत, बँकर मागेच राहणार. आणि उतार आला की त्यांचा गेममधला शिपाई टेकडीच्या माथ्यावर, सगळ्या बेटाला दिसेल असा, थांबायचा. इकडे काका शीळ घालायचे. तेवढ्यात कुठून तरी गोळी यायची.

"बाबा, इथे ब्रेक नसतात," मुलगा तिकडून म्हणायचा.

"म्हनून तर थांबायचं रं."

पहिल्यांदा मी मोठ्या हौसेने त्यांना सगळं सुंदर करून दिलं होतं. पाण्यात ढगांची प्रतिबिंबं, झाडांच्या हलत्या सावल्या. यंत्र तापलं, आतला पंखा घोंगावू लागला आणि चित्र अडखळायला लागलं. सेकंदाला साठ चित्रं दिसावीत म्हणून मी झटत होते, पण गोळीबार सुरू झाला की ती निम्म्यावर यायची आणि हिसका बसायचा. काकांना हिसका सहन होत नसे. "कमी दे, पन एकसारखं दे," ते म्हणाले. मी तिसावर बांधून टाकलं. यंत्र गार झालं, बॅटरी टिकू लागली, काका खूश झाले. मी आपली जरा नाराज, कारण मला ते पाणी आवडलं होतं.

पुढे ते थोड्या थोड्या दिवसांनी काहीतरी कमी करून घ्यायला येऊ लागले. सावल्या काढ. धुकं काढ. गवत काढ. पळताना चित्र पुसट होतं ते काढ. उजेड वाढव. मी चेष्टा करायची, की काका, बेटावर आता नुसती माती उरली, प्लॉट पाडून विकायला काढू या. ते हसायचे. एका गोष्टीला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. "मानसं खाली करू नको. पोरगा वळखू यायला पायजे." म्हणून बाकी सगळं तळाला आणि माणसांचा तपशील तेवढा सर्वांत वर, असं ते विचित्र सेटिंग होतं. मुलालाही त्यांनी गेममध्ये नारंगी जाकीट घालायला लावलं, रुळांवर काम करणारे गँगमन घालतात तसं. तो कुरकुरला, कारण नारंगी जाकिटावर कोणीही नेम धरतो. पण बापाचा हट्ट म्हणून त्याने घातलं.

मग एका सकाळी वर शीळ झाली आणि काका उतरलेच नाहीत. मी बाहेर येऊन पाहिलं. ते पायाने पायरीची कड चाचपत होते. मी हात धरून त्यांना खाली आणलं आणि बसवून विचारलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. कडेकडून दिसेनासं होत चाललं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं जपायला थेंब होते. मी मात्र इतके दिवस प्लॉट पाडण्याचे विनोद करत होते. मी म्हटलं, मुलाला आजच सांगा.

"नको." त्यांनी माझा हात दाबून धरला. "कळलं तर तो खेळायचा बंद होईल. आजाऱ्याशी कोन खेळतं गं? निसती विचारपूस करतात."

मला ते पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटलेलं नाही. पण तुम्ही तिथे असता तर तुम्हीही शब्द दिला असता.

त्यानंतर आम्ही दोघं मिळून त्या बेटाची काटछाट करत राहिलो. अक्षरं मोठी केली, रंग भडक केले. तो छोटा पडदा हात लांब करून धरला की सगळाच्या सगळा त्यांच्या उरलेल्या नजरेत मावायचा. रस्ता मावत नव्हता, समोरच्या माणसाचा चेहरा धड मावत नव्हता, हा मावायचा. त्यात एक नारंगी ठिपका पळत असे आणि काका त्याच्या मागे असत. शत्रू दिसले नाहीत तरी त्यांचं काही अडत नव्हतं. मुलगा मात्र वैतागू लागला. शेजारून माणूस गेला तरी दिसत कसा नाही, असं विचारायचा. काका म्हणायचे, ध्यान नव्हतं. एका रविवारी तो चांगलाच ओरडला, की बाबा, मनापासून खेळायचं नसेल तर सरळ सांगा.

काकांनी यंत्र मांडीवर ठेवलं. "रागावला," ते मला म्हणाले. "म्हंजे खेळतोय अजून."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला रडू आवरेना. मी आत जाऊन उगाच रिकामी खोकी रचत बसले.

त्या दिवाळीच्या आधी काका गेले, झोपेतच. मुलगा आला. तेरावं झाल्यावर एका दुपारी तो दुकानाच्या पायऱ्या धडाधड उतरला आणि यंत्र काउंटरवर ठेवलं.

"ताई, हे बिघडलंय का? गवत नाही, सावल्या नाहीत. बाबा असं खेळत होते?"

खेळ बंद पडायची भीती आता उरली नव्हती, म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. जाकिटाचं सांगितलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

"मी ओरडलो त्यांच्यावर," तो म्हणाला.

ते त्या दिवशी काय म्हणाले, तेही मी सांगितलं. मग तो काकांच्या स्टुलावर बसून रडला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

बऱ्याच वेळाने त्याने गेम सुरू केला. सेटिंग बदललं नाही. काकांचा शिपाई त्या उघड्याबोडक्या बेटावर एकटाच चालत निघाला आणि टेकडीच्या माथ्यावर आला. पुढे उतार होता. मुलाचा अंगठा थांबला. त्याने ओठ जुळवले, पण नुसती हवा आली. त्याने पुन्हा जुळवले. शीळ काही निघेना.

मग मी घातली, बारीक आणि लांब. त्याने अंगठा पुढे केला आणि काकांचा शिपाई हळूहळू उतार उतरू लागला.