अक्कांचा अर्धा लिंब

अक्कांनी कधी कशाला चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. अक्कांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि म्हणाल्या, "जिल्हा झाला म्हनं. नळाला कळवलं का?"

नळ कधीचाच कोरडा होता. पावसानं लागोपाठ दगा दिला होता. वडिलांची बदली होऊ घातलेल्या जिल्हा कचेरीत झाली म्हणून आम्ही आदल्याच महिन्यात उमरीहून लातूरला आलो आणि अक्कांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिलो. अक्का पन्नाशीच्या. तरुणपणीच उदगीरचं सासर सोडून माहेरी आलेल्या. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि जिभेवर निखारा. त्यांचा धाकटा भाऊ अप्पा बाजारात कापडाचं दुकान चालवायचा आणि बहिणीला टरकून असायचा.

आमचं दार त्यांच्या परसात उघडायचं. तिथं आटलेला आड, एक शेवगा आणि एक जुना कडुलिंब. माघात थंडी ओसरायला लागली की अक्का सकाळी चूळ भरून परसात उभ्या राहत आणि एकेकाचा उद्धार सुरू होई. शेवग्याला पहिला पांढरा तुरा दिसला की, "आला का नटून? प्यायला पानी न्हाई अन् ह्याला लगीन सुचून राहिलं!" कोकिळानं पहिला चाचपडता सूर लावला की, "घसा साफ कर आधी, मेल्या!" आई एकदा हसून म्हणाली, "अक्का, वसंत आला म्हणतात त्याला."

"आला तर आला. पाट मांडू का त्याला बसायला?"

गल्लीत सगळ्यांचे कान टँकरच्या आवाजाकडे. मी तेव्हा कॉलेजात होते, कवितेच्या तासाला वसंत शिकत होते. पण तो परसात कुठवर पोचला, हे मला अक्कांच्या शिव्यांवरूनच कळायचं.

नव्या जिल्ह्याबरोबर नवे साहेब आले. त्यांतल्या एकाला अक्कांच्या घराचा पुढचा भाग भाड्यानं घ्यायला पसंत पडला. नाकाला रुमाल लावून त्यांनी परस पाहिलं आणि लिंबाकडे बोट करून म्हणाले, "ते वाळकं झाड काढा. तिथं जीप लागेल." लिंब खरोखरच उघडाबोडका दिसत होता. अप्पा "हाव साहेब, हाव साहेब" करत त्यांच्या मागं मागं.

साहेब गेल्यावर अक्कांनी विचारलं, "कोन होतं रं ते इस्त्री केलेलं बुजगावणं?"

"अक्का, जरा हळू. अन् झाड मेलंच हाय की. दुष्काळानं मेलं."

"मेलं न्हाई. पानं टाकून राहिलंय. दर सालीच टाकतंय. जलमभर हितं राहिलास, कधी मान वर केलीस का?"

दुसऱ्या दिवशी अप्पानं कुऱ्हाडवाले आणले. अक्का सूप घेऊन बुंध्याशी ज्वारी पाखडत बसल्या. उठल्याच नाहीत. कुऱ्हाडवाले चहा पिऊन निघून गेले. अप्पा रडकुंडीला आला.

"कवर बसशील अशी?"

"शिमग्यापर्यंत थांब. पालवी फुटली न्हाई तर पैला घाव मीच घालते."

त्या दिवसापासून अक्का लिंबाखाली फरशी टाकून तिथंच आडोशाला अंघोळ करू लागल्या. तांब्या-दोन तांब्यांची अंघोळ ती. आईनं कारण विचारलं तर म्हणाल्या, "अंगावरचं पानी कुठंतरी जानारच की." मग आईही तांदूळ धुतलेलं पाणी गुपचूप लिंबाला घालू लागली. अक्कांनी ते न पाहिल्यासारखं केलं. एका सकाळी त्या खोडाला हात लावून पुटपुटत होत्या, "फूट की रं भाड्या. माझी लाज घालवतोस का?" शिवी नेहमीचीच होती, पण हात खोडावरून निघत नव्हता.

शिमगा तोंडावर आला आणि आडाकडच्या फांद्यांना तांबूस, तुकतुकीत पालवी फुटली. घराकडची बाजू मात्र तशीच राहिली. ती खरंच वाळली होती.

"अर्धं मेलंय की," अप्पा म्हणाला.

"अर्धं तर अर्धं. तू तरी कुठं पुरता हायस?"

वाळकी बाजू तोडली गेली. तिथं साहेबांची जीप लागू लागली. अक्का रोज सकाळी उरलेल्या लिंबाखाली मूठभर ज्वारी टाकायच्या. पाखरं जमायची, फांद्यांवर बसायची, आणि साहेबांचा ड्रायव्हर दिवसभर काचा पुसायचा.

पुढं वडिलांची बदली नांदेडला झाली. पाया पडायला गेलो तर अक्का म्हणाल्या, "जावा. तिकडं गोदावरी हाय, तोंडं तरी धुवून ऱ्हावा." आणि पाठ फिरवून आत गेल्या. सामान भरून होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

काही वर्षांनी माहूरला निघालेला अप्पा वाटेत आमच्या घरी उतरला. अक्का गेल्याचं त्यानंच सांगितलं. सांगता सांगता तो ओक्साबोक्शी रडू लागला. "घरात आता कुनी शिव्या देत न्हाई, वैनी. लई सुनं वाटून राहिलं."

आईनं पदरानं डोळे पुसले. मग एकदम कडाडली, "अक्का होत्या तवर त्या झाडाला एक तांब्या तरी घातलात का? आता पाणी काढताय डोळ्यांतून! गप बसा आणि चहा घ्या."

दारी आलेल्या माणसाशी आई असं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. अप्पानं चमकून वर पाहिलं. मग नाक पुसलं, "हाव, वैनी," म्हणाला आणि मुकाट्यानं बशी पुढं ओढली.