सावलीतली काळी

पंचफुला मोहगावला भगवंतरावांच्या रोपवाटिकेत अळ्या वेचायची. संत्र्याच्या कलमांचे डोळे बांधायला जंभेरीची, म्हणजे रानटी लिंबाची, रोपं लावलेली असत, त्यांची कोवळी पानं अळ्या फस्त करत. सकाळी वेचायच्या, राकेलात टाकायच्या. वर्षानुवर्षं हेच काम.

वेचता वेचता तिला दिसलं, की उघड्या वाफ्यांवर पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू अंडी घालतं. नाल्याकाठच्या आंब्यांखाली मात्र दुसरंच, काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं. पानं तीच, अळ्याही सख्ख्या बहिणींसारख्या. १९८३ च्या उन्हाळ्यात तिनं सावलीतल्या दहा अळ्या उन्हातल्या रोपांवर सोडून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी आठ वाळल्या होत्या. उन्हातल्या अळ्या सावलीत ठेवल्या, तर त्या सडल्या.

सौसरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विजयाबाई कलमं न्यायला आल्या, तेव्हा तिनं विचारलं, "बाई, एकाच झाडाचं खातेत, मंग यायची सोयरीक काहून नाही होत?"

विजयाबाई वाफ्यापाशीच बसल्या. "एकीला ऊन मानवलं, एकीला सावली. जी जिथं जगते, तिथंच जोडी शोधते. चुकून मिसळल्याच, तर पिल्लं ना इकडे टिकणार, ना तिकडे."

१९८६ च्या चैत्रात भगवंतरावांनी आंब्याची झाडं तोडायला माणसं लावली. वाफे वाढवायचे होते.

"भैय्याजी, नाल्यावरचे दोन तरी राहू द्या. काळी मरून जाईन."

"तू अळ्या मारायले हायस का पोसायले?" ते म्हणाले. आवाजात रागही नव्हता.

आंबे गेले, तरी काळ्या त्याच जागी येऊन अंडी घालत राहिल्या. बारीक अळ्या दुपारपर्यंत कोळपून जात. जमल्या तेवढ्या तिनं टोपलीत ओल्या पोत्याखाली घरी नेल्या. त्यातून पाच फुलपाखरं निघाली. त्यांना सोडायला ती नाल्यानं कोसभर चालली. दाट सावली कुठंच नव्हती. शेवटी एका बाभळीखाली तिनं टोपली उघडली. दुसऱ्या दिवशी तिथं एकही दिसलं नाही.

पुढच्या वर्षी फवारणीचा पंप आला आणि वेचणीचं काम संपलं. पंचफुला कापूस वेचायला जाऊ लागली. सौसरच्या बाजारात विजयाबाई भेटल्या.

"काळी दिसते का गं?"

"नाही बाई. आंबे त्यायनं तोडले, पण इतके वर्षं मीच तर तिले मारून राहिली होती."

"तुझ्यामुळे नाही गेली ती."

पंचफुलानं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं.