अभिनंदनाचं भाषण आणि हिंगण्याची बस

आधी तो चहा संपवा बाप्पा, मग सांगते. नाहीतर हसता हसता तुम्हाला ठसका लागायचा अन् नाव माझं खराब व्हायचं. तसं ते व्हायचं काही बाकी राहिलेलं नाही म्हणा! साऱ्या नागपुरानं माझी फजिती पाहिली आहे, तुम्हीच तेवढे सुटले होते.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय हो, पत्र्याची एक शेड. तिथे आम्ही कूलरच्या खिडक्या बनवतो, म्हणजे गवत भरलेल्या त्या बाजूच्या जाळ्या. लोक मे महिन्यात सूर्याला शिव्या देतात, मी हात जोडते.

अन् माझी मतं? ती तर गल्लीतल्या पोरासोरांना पाठ आहेत. सरकारनं सीमा सांभाळावी, रस्ते बांधावे, चोर धरावे. बाकी माणसानं आपलं आपण पाहावं. फुकटचं अंगी लागत नाही. ऊठसूट 'सरकारनं हे द्यावं, ते द्यावं' म्हणणाऱ्यांचा मला भारी राग. अन् सध्याच्या दिल्लीच्या सरकारचं मला कौतुक आहे, ते मी लपवत नाही. धंद्याच्या नोंदणीसाठी आमच्या सासऱ्यांनी चपला झिजवल्या. मी तीच नोंदणी वरणाला फोडणी देता देता फोनवर केली! चांगल्याला चांगलं म्हणायला काय कोणाची परवानगी काढायची?

तर झालं काय, दिल्लीहून एक मंत्री नागपूरला येणार होते. छोट्या कारखानदारांच्या मागचे बरेच कागदी जाच त्यांच्या खात्यानं कमी केले होते. आमच्या संघटनेनं ठरवलं, आपण जाऊन त्यांचं अभिनंदन करायचं. आमचे अध्यक्ष पाठराबे साहेब मला म्हणाले, "वहिनी, भाषण तुम्ही करा. एवढं मनापासून कौतुक दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

मी काय, हुरळले! आठ दिवस आरशापुढे तयारी. आमचे हे दाढी करायला आले की मी आरशातून म्हणायची, "माननीय मंत्रिमहोदय!" शेवटी ते कंटाळून बाहेरच्या नळावर दाढी करायला लागले.

त्या दिवशी मी ठेवणीतली निळी साडी नेसून सरकारी विश्रामगृहावर पोचले. ही गर्दी! कोणी हार घेऊन आलेलं, कोणी निवेदन घेऊन आलेलं. आमची मंडळी कुठे दिसेना. फोन लावला तर पाठराबे साहेब म्हणतात, "वहिनी, गाडी लावून येऊन राहिलो, तुम्ही आत व्हा."

तेवढ्यात शिपाई ओरडला, "हिंगण्यावाले! हिंगण्यावाले कोण हायेत? चला आत!"

मी हात वर केला अन् घुसले. आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

आतल्या व्हरांड्यात दहा-बारा बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या साड्या निळ्या! मला वाटलं, वा! संघटनेनं महिला आघाडी काढली वाटतं. त्यांच्यासोबत एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. ते लगबगीनं पुढे आले.

"ताई, आपणच नं?"

"हो, मीच," मी म्हटलं.

"बरं झालं बाप्पा! कधीची वाट पाहून राहिलो आम्ही. मी ढोके. भाषण तुम्हीच करायचं हाय. बेधडक बोला, घाबरू नका."

"घाबरायचं कशाला? मी तर कौतुकच करणार आहे."

ते एकदम खूश झाले. बायकांकडे वळून म्हणाले, "पाहा, याले म्हणतात टोमणा!"

मला काही उमगलं नाही. पण आत बोलावणं आलं अन् आम्ही गेलो.

आता खरी गोष्ट तुम्हाला सांगून टाकते, मला ती फार उशिरा कळली. हे ढोके म्हणजे कामगार संघटनेचे जुने पुढारी. सारं आयुष्य मोर्च्यात गेलेला माणूस. अन् त्या बायका हिंगण्याच्या छोट्या शेडमध्ये काम करणाऱ्या, निळी साडी ही त्यांची ठरलेली खूण. त्यांच्या वतीनं बोलायला वर्ध्याहून कोणी तडफदार ताई येणार होत्या, त्यांना ढोक्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, त्या ताई म्हणजे मीच!

मंत्री बसले होते. बाजूला अधिकारी, समोर टीव्हीवाले. मी पदर सावरला अन् सुरू झाले. साहेब हिंदी मुलखातले, म्हणून आपल्या नागपुरी हिंदीत.

"साहब, मैं तो बोलती, ऐसी सरकार आज तक नहीं देखी!"

मागून बायकांनी टाळ्या पिटल्या. ढोके म्हणाले, "वा!"

"इतना काम किया आपने, कि हम गिनते गिनते थक गए!"

अजून टाळ्या. एक बाई तर तोंडाला पदर लावून खुदूखुदू हसून राहिली होती. मला वाटलं, आनंद झाला बिचारीला. मंत्री आधी छान हसत होते, पण ते खुदूखुदू ऐकून त्यांचं हसू जरा आखडलं. ते एकदा माझ्याकडे पाहत, एकदा बायकांकडे पाहत.

मी तर रंगात आले होते. "पहले अफसर लोग हमारे सर पे बैठते थे, अब हमारे फोन में बैठते!"

ढोके तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय मारला हो, ताई!"

आयुष्यात माझ्या भाषणाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. घरी मी बोलायला लागले की हे पंखा वाढवतात, आवाजात आवाज मिसळावा म्हणून.

शेवटी मंत्र्यांनी हळूच विचारलं, "बहनजी, वो सब ठीक है. आपकी माँग क्या है?"

"माँग?" मला धक्काच बसला. "छे छे! सरकार से हमको कुछ भी नहीं चाहिए!"

आता मात्र टाळी नाही. ढोक्यांचं तोंड उघडं ते उघडंच. अन् मघाशी खुदूखुदू हसणारी बाई पुढे आली. रेखा तिचं नाव. माझ्या कोपराला हात लावून म्हणाली, "अन् बस, वं बाई?"

"कोणती बस?"

"काहून वं? बसीसाठीच तं आलो आपण!"

"मला काही माहीत नाही गं. सांग बरं काय ते."

तिनं सांगितलं. मंत्री, टीव्ही, कोणाचीच भीड न धरता सांगितलं. मोठ्या कंपन्यांच्या बायकांना कंपनीची बस असते. छोट्या शेडवाल्यांना कोण विचारतं? दुपारची पाळी सुटली की अंधार. मोठ्या रस्त्यापर्यंत पायी चालायचं, ट्रक अंगावरून जाऊन राहिलेले. ऑटोवाला तोंडाला येईल ते मागतो. तिच्यासोबतच्या दोघींना घरच्यांनी कामच सोडायला लावलं.

"आमाले फुकट नको," ती म्हणाली. "तिकीट देतो नं आम्ही. पण बस तं पायजे! मले काम सोडायचं नाही. पोरगी माही नर्सिंगले हाय."

फुकट नको म्हणणारी, काम सोडणार नाही म्हणणारी बाई! अहो, हीच तर माझी मतं! मी ती आरशापुढे बोलत होते, अन् ही बाई ती अंधारात पायी चालून जगत होती.

अन् भावना दाटली की माझा ताबा सुटतो. हे नेहमी सांगतात, "सुनंदे, गहिवरली की बोलत जाऊ नको." पण ऐकेल ती सुनंदा कसली?

मी टेबलावर हात आपटला. "साहब! इसके लिए सरकार क्यों? सरकार को और भी काम है. हिंगणे की बस हम चलाएँगे! हम कारखानेवाले!"

मंत्री खुर्चीतून उठलेच! "वाह! वाह बहनजी! यही तो नया भारत है!" अधिकाऱ्याला म्हणाले, "परमिट की फाइल मेरे पास नहीं रुकनी चाहिए, किसी के पास नहीं रुकनी चाहिए." टीव्हीवाल्यांनी माझ्या तोंडापुढे माइक खुपसले. रेखानं तर मला मिठीच मारली.

अन् नेमकं तेव्हाच दार उघडलं. हातात हार घेऊन पाठराबे साहेब, मागे आमची सारी संघटना. त्यांच्याही मागे धापा टाकत एक बाई, "वर्ध्याची गाडी लेट झाली हो, ढोके भाऊ!"

ढोक्यांनी त्या बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मंग तुम्ही कोण हो, ताई?"

"मी? मी कारखानदार," मी म्हटलं. आवाज कुठल्या कुठे गेला होता माझा.

तोवर मंत्र्यांनी तो हार पाठराबे साहेबांच्याच गळ्यात घातला होता, बस सुरू करून राहिले म्हणून! ते बिचारे हसून राहिले होते, पण माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते की काय सांगू! बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "वहिनी, आपण आभार मानायला आलो होतो नं?"

घरी आल्यावर मी झोपाळ्यावर डोकं धरून बसले. कूलरच्या खिडक्या करणारी बाई, मला बसमधलं काय कळतं? म्हटलं, 'दिला शब्द, भावनेच्या भरात गेला' असं सांगावं का? पण मग रेखाला कोणत्या तोंडानं दिसायचं? अन् लोकांना स्वावलंबन शिकवायचं कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी ढोके शेडवर हजर. मला वाटलं, भांडायला आले. तर म्हणतात, "ताई, तुमचं माह्यं एकाही मुद्द्यावर जमत नाही. पण बसीवर जमलं. एक ड्रायव्हर हाय मायाकडे. पिणारा नाही, उशीर करणारा नाही."

खोटं कशाला बोलू, या माणसाबद्दल मला आदर वाटला. पाठराबे साहेबही शेवटी वितळले. "हार घातला आहे, आता काय!" म्हणाले, अन् बाकी कारखानदारांना त्यांनीच तयार केलं. एका ट्रॅव्हल्सवाल्याची जुनी पण धडधाकट बस ठरली.

राहिली परवानगी. ढोके म्हणाले, "ते काही सुखासुखी भेटत नाही. मोर्चा काढावा लागते. मी घोषणा लिहून ठेवतो, तुम्ही समोर राहा." मी अन् मोर्चा! पण बसपायी तेही कबूल केलं. मूठ कशी वळायची ते रेखानं मला शिकवलं.

अन् काय सांगू, मोर्च्याचा दिवस ठरायच्या आतच परवानगी फोनवर आली! मी नाचायचीच बाकी होते. "पाहिलं, ढोके भाऊ? याला म्हणतात सरकार!"

ढोक्यांनी घोषणांचा कागद घडी करून खिशात घातला. मग एवढा मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, "ताई, असंच चाललं तं आमच्यासारख्यानं जगायचं कसं?"

पहिल्या फेरीला आम्ही सारे सीताबर्डीला व्हेरायटी चौकाजवळ जमलो. बसला झेंडूची तोरणं. दुपारच्या पाळीच्या बायका आत बसलेल्या, रेखा ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत. नारळ मी फोडला. हिंगण्याला बस पोचली की तिथे माझा सत्कार होता, म्हणून मीही त्याच बसनं जाणार होते.

तेवढ्यात एक टीव्हीवाली पोरगी आली. "मॅडम, दोन मिनिटं?"

मला कोणी दोन मिनिटं मागितली अन् मी ती दोनच दिली, असं कधी झालंय? मी बसकडे पाठ करून उभी राहिले अन् सुरू झाले. देश कसा बदलून राहिला, सरकार कसं चांगलं काम करून राहिलं, लोकांनी उगाच हात पसरू नये... बोलता बोलता त्या पोरीची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मला वाटलं, भारावली.

वळून पाहते तर बस निघाली होती! वेळ म्हणजे वेळ, असाच ड्रायव्हर दिला होता ना ढोक्यांनी. त्याला वाटलं, मी मागच्या दारानं चढले. मग काय? साडी धरली, चप्पल हातात घेतली अन् "अगं ए! थांबवा गं! थांबवा!" करत व्हेरायटी चौकातून सुटले. आतल्या बायकांना वाटलं, ताई टाटा करून राहिल्या. त्यांनीही खिडकीतून हात हलवले!

शेवटी ढोक्यांनी स्कूटर आणली. पुढे त्यांच्या संघटनेचा झेंडा फडफडत होता. त्या स्कूटरवर मागे बसून मी माझ्या सत्काराला पोचले.

संध्याकाळी ती मुलाखत टीव्हीवर लागली. अर्धी नाही, सगळीच्या सगळी! मी ठणकावून सांगते आहे, "माणसानं आपल्या पायावर उभं राहायला शिकावं!" अन् माझ्या मागून बस हळूच सरकते आहे. पुढचं पळणंही त्यांनी काढलं होतं.

आमचे हे शांतपणे चहा पीत पाहत होते. टीव्ही बंद केला अन् म्हणाले, "सुनंदे, पायावर उभं राहा म्हणालीस, तोवर ठीक होतं. पळायचं काही ठरलं नव्हतं."