काचेआड गेलेलं पातेलं

रोज सकाळी कामावर जाण्याआधी ओझेला पिकेट हेटी क्रेनशॉच्या मागच्या दाराने आत शिरायची, स्वयंपाकघरातली बोटभर चरबी फडक्यावर घ्यायची आणि पुढच्या खोलीतलं बिडाचं पातेलं चोळून ठेवायची. आतून, बाहेरून, मग तिन्ही आखूड पायांना. पातेलं तिचंच होतं. पण ज्या टेबलावर ते होतं तिथे पाटी होती, ‘कृपया हात लावू नये’.

“तुला वाचता येत नाही का गं?” हेटी आतून ओरडायची.

“येतं की. पाटी पाहुण्यांसाठी आहे. मी घरची.”

आणि कोट सावरत ती इस्पितळाच्या धुलाईघराकडे निघायची. गॅरी शहरातल्या पोलाद कारखान्यांचा धूर तोवर तळ्यावरच्या वाऱ्याने गल्लीत उतरलेला असायचा.

हेटीचं म्युझियम म्हणजे तिचीच बैठकीची खोली. ती शाळेत शिकवायची तेव्हा दर वसंतात मुलांना शिकागोच्या मोठ्या संग्रहालयांत न्यायची. निवृत्त झाली त्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून म्हणाली, “तिथे हत्तींना दालन आहे, ममींना दालन आहे, फुलपाखरांनासुद्धा आहे. आपल्याला नाही. माझा सोफा मी तळघरात टाकलाय. माळ्यावर काय असेल ते घेऊन या.”

लोक खाली बघत राहिले. दक्षिणेतल्या मळ्यांवरून आलेल्या त्या काळ्या लोकांनी गुलामीच्या दिवसांच्या वस्तू पेटीच्या तळाशी दडवल्या होत्या. त्या चारचौघांत मांडायच्या म्हणजे लाज वाटायची. पहिली वस्तू ओझेलाने आणली.

पातेलं तिच्या आजीचं, सूडीचं. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर सूडी गुलामीत जन्मली, मालकाच्या चुलीवर वाढली. सुटका झाली तेव्हा तिने हे पातेलं उचललं आणि चालू लागली. कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. त्याच पातेल्यात तिने ओझेलाला रांधून घातलं. सूडी गेल्यावर सतरा वर्षांची ओझेला ते मांडीवर घेऊन उत्तरेच्या गाडीत बसली. आजीच्या थडग्यावर लाकडी फळी होती, ती केव्हाच कुजली.

हेटीने सुबक अक्षरात कार्ड लिहिलं, ‘सूडी पिकेट, स्वयंपाकीण. हे पातेलं तिचं.’ ओझेलाने ते वाचलं आणि जवळची खुर्ची ओढून बसली.

“काय झालं? चुकलं का काही?”

“नाही गं. तिचं नाव लिहिलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.”

ओझेलाची अट एकच. दक्षिणेतल्या रीतीप्रमाणे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी शिजवायला पातेलं घरी जाणार. मग टेबलावर चिठ्ठी असायची, ‘घरी गेलं आहे. सोमवारी येईल.’ ते बघून इतरांनाही धीर आला. चर्चचा डीकन टॉलिव्हर ईस्टरला वाजवायला आपल्या बापाचा ट्रम्बोन परत न्यायचा. कुणाच्या लग्नाला गोधडी जायची. शाळेच्या सहली यायच्या तेव्हा कधीकधी वस्तूंपेक्षा चिठ्ठ्याच जास्त. “आमच्या म्युझियमला पाय आहेत,” हेटी मुलांना सांगायची.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली महापालिकेने म्युझियमसाठी बंद पडलेल्या बँकेची इमारत दिली आणि वॉशिंग्टनहून शिकून आलेली मार्वा एलिस संग्रहपाल म्हणून रुजू झाली. तिने पातेलं खिडकीशी धरलं, काठाजवळ नख फिरवलं.

“मिस ओझेला, ही चीर तुम्ही बघितलीय?”

ओझेलाने बघितली होती. गेली तीन वर्षं ती त्यावरच जरा जास्त चरबी चोळत होती.

“पुन्हा विस्तवावर चढलं तर दुभंगेल. इथे काचेआड ठेवायचं असेल तर पुन्हा बाहेर काढता येणार नाही. आणि चरबीही नको, मी मेण लावत जाईन.”

“मेण! खातं-पितं पातेलं आहे ते, मेणबत्ती नव्हे!”

मार्वाला हसू आलं, पण ती मागे हटली नाही. हेटी म्हणाली, “घरी घेऊन जा, विचार कर. नाही दिलंस तरी आपल्यात काही बिघडायचं नाही.”

आठवडाभर पातेलं ओझेलाच्या स्वयंपाकघरात होतं. गल्लीतला जो तो म्हणायचा, ओझेलाच्या चवळीची चव त्या पातेल्यात आहे. ती स्वतःही तेच म्हणायची. दुसऱ्या भांड्यात शिजवली तर सूडीची चव सूडीसारखीच जाईल, कायमची. आणि दिलं नाही तर? तिला मूलबाळ नव्हतं. भाचा लॉस एंजेलिसला. “तो त्यात निवडुंग लावेल,” ती पातेल्याला म्हणाली.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी तिने चवळी भिजत घातली, पातेलं शेगडीवर ठेवलं, काडी हातात घेतली. चिरेवरून अंगठा फिरवला. फुटलं तर उद्या चव जाईल, पातेलंही जाईल, आणि ते कार्ड कशापुढे ठेवणार? तिने काडी पेटीत परत ठेवली आणि कोट चढवला.

बसचा ड्रायव्हर तिच्या मांडीवरच्या पातेल्याकडे बघून म्हणाला, “हे कुठे निघालं?”

“नोकरीला. म्युझियममध्ये.”

मार्वाने देणगीचा कागद पुढे केला. ओझेलाने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. “उद्या जेवायला ये,” ती म्हणाली. “चांगलं होणार नाही. पण ये.”

दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चवळी शिजली. धुरावलेला डुकराचा पाय, कांदा, मिरची, सगळं तेच. सूडीने मनगटावर पळी मारून शिकवलं होतं तसं मीठ शेवटी. हेटीने घास घेतला, सावकाश चावला आणि लगेच दुसरा घेतला.

“बोल की गं बाई! चर्चमध्ये तर तोंड मिटत नाही तुझं.”

“तीच आहे.”

“खोटं बोलू नकोस. नव्या वर्षाचा दिवस आहे.”

“मग खाऊन बघ!”

ओझेलाने खाल्लं. एकदा, दोनदा. मग तिला असं हसू फुटलं की ॲप्रनने डोळे पुसावे लागले. “चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी त्या लोखंडाचं कौतुक करत बसले!” थोड्या वेळाने ती नुसतीच आपल्या हातांकडे बघत राहिली. सूडीच्या हातांसारखे ते कधी दिसायला लागले, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी चर्चवरून ती थेट बँकेच्या इमारतीत जायची. पहारेकऱ्याचे आभार, फरशी पुसणाऱ्याचे आभार, मार्वाचे तर इतके की ती लाजायची. काचेसमोर थांबलेल्या अनोळखी माणसालाही म्हणायची, “थांबलात, बरं वाटलं. माझी आजी आहे.” कार्डावरचं नाव मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायची. एकदा कुणा पोराने ‘सँडी’ वाचलं, तर त्याला परत रांगेत उभं केलं.

एकोणऐंशीच्या पहिल्या दिवशीही तिघी तिच्याच टेबलाशी जेवायला बसल्या होत्या. बाहेर बर्फ साचलं होतं. ओझेलाला जरा थकल्यासारखं वाटत होतं, पण चवळी तिनेच केली होती. त्या रात्री ती झोपेतच गेली. त्याआधी जेवताना हेटी टॉलिव्हरच्या ट्रम्बोनची काहीतरी लांबलचक गोष्ट सांगत होती, ती संपायच्या आतच ओझेला मार्वाकडे वळून म्हणाली, “ती तिखटाची बाटली सरकव इकडे, आणि हे काय चिमणीसारखं खातेयस, अजून वाढून घे.”