भिंतीला पाजलेलं औषध

अक्का माणसाला आधी नाकानं ओळखायच्या. "शाम्पू बदललास गं?" म्हणत पदर तोंडाला लावायच्या. नवख्याला वाटे, केवढी ही चिकित्सा! पण अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, फिनेल, रंग, अत्तर, बुरशी यातलं काहीच सोसत नसे. दम लागायचा, चेहरा सुजायचा. डॉक्टर म्हणाले, यापासून लांब ठेवा. अहो, लांब म्हणजे कुठे? पावसाळ्यात आमच्या खारघरात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते!

शेवटी घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी खोली बांधायला काढली. प्लायवूड नाही, रंग नाही. कडाप्प्याच्या फळ्या, लोखंडी खाट, भिंतींना नुसता चुना. जवळच्या दिवाळे गावचे काशिनाथदादा गवंडी होते. अक्का त्यांना रोज बजावत, "दादा, शोभा नको मला. नुसता श्वास घेता आला की झालं."

दादांचा त्यांच्यावर जीव जडला, आणि तिथेच घोळ झाला. ओल धरू नये म्हणून त्यांनी आपणहून आतल्या गिलाव्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल मिसळलं. वर कौतुकानं सांगितलं, "वयनी, भिंतीला औषध पाजलंय. आता बुरशीचा बाप पन येनार नाय!"

अक्का आत गेल्या आणि भिंत धरून खालीच बसल्या. आम्ही उचलून बाहेर आणलं. दादा पायरीवर डोकं धरून बसले होते. श्वास जागेवर आल्यावर अक्का त्यांनाच समजावू लागल्या, "औषध भिंतीनं घेतलं, बाधलं मला. तुमचा काय दोष?"

सगळा गिलावा खरवडला, पुन्हा साधा चुना केला. उन्हाळाभर अक्का तिथे गाढ झोपल्या. मला वाटलं, जिंकलो! मग पाऊस लागला आणि खाटेमागे काळे ठिपके उठले. औषध घालावं तर अक्कांना चालत नाही, न घालावं तर बुरशी. पुसलं, बल्ब पेटता ठेवला, मिठाच्या वाट्या मांडल्या. काही म्हणजे काही उपयोग झाला नाही. रागानं मी भिंतीला लाथ मारली.

"मार, पण चप्पल घालून मार," अक्का खोकत म्हणाल्या. "लागेल."

आता त्या जालन्याकडे, भावाच्या गावी असतात. तिथली हवा कोरडी आहे. भाऊजींची, म्हणजे अक्कांच्या यजमानांची, नोकरी इथली, म्हणून ते इथेच. काल फोनवर विचारलं, "अक्का, दम लागतो का हो?"

"छे गं," त्या म्हणाल्या. "हसायलाच कोणी नाही इथं, दम कशानं लागेल?"