निरोपांची कात्री

पेजर ही काय चीज होती, ते आता कुणाला सांगून पटायचं नाही. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, खिशाला नाहीतर पट्ट्याला अडकवायची. तिच्यावर निरोप यायचा, पण तिच्यावरून धाडता यायचा नाही. थोडक्यात, ऐकून घ्यायचं आणि उलट बोलायचं नाही. तरी लोक ती कमरेला लावून अशा ऐटीत फिरायचे, की विचारू नका. बरं, निरोप काही आपोआप उमटायचा नाही. तो सांगायला पेजर कंपनीत फोन करावा लागायचा, आणि तिथे हेडफोन लावून बसलेली एखादी बाई तो ऐकून टाइप करायची. त्यातल्याच एकीला सगळे कात्री म्हणायचे.

हे नाव सुपरवायझरनं दिलं होतं, तेही कौतुकानं. डबीवर मावायची मोजकीच अक्षरं, आणि फोन करणारे एकजात पाल्हाळिक. एखादी बाई सुरू व्हायची, की अहो, त्यांना जरा सांगाल का, घरी पाहुणे आलेत, मला काही आता बाहेर पडता यायचं नाही, तेव्हा येताना दूध तेवढं आणा म्हणावं, कालच्यासारखं विसरू नका, आणि सावकाश या, धावपळ करू नका. दुसरी ऑपरेटर एवढ्यात गांगरून गेली असती. कात्री बाईचं संपायच्या आत मोकळी व्हायची. ‘पाहुणे आलेत. दूध आणा.’ एवढं वाचून दाखवायची आणि रिवाजाप्रमाणे विचारायची, “बरोबर?” बाई जरा अडखळायची आणि म्हणायची, हो, बरोबर आहे.

नव्या मुलींना शिकवायचं कामही तिच्याचकडे. आधी हाक कापा, म्हणायची. अहो, अगं, अरे, सगळं. मग कारणं कापा. मग लाडीगोडी कापा. उरेल तो निरोप. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली पुढे बरीच वर्षं घरी चिठ्ठ्यासुद्धा तारेसारख्या लिहायच्या.

ही खोड तिच्याही अंगवळणी पडली होती. जेवताना नवरा म्हणाला, आमटीत मीठ कमी आहे, की ही ताबडतोब, “मीठ कमी. बरोबर?” तो बिचारा कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, बरोबर आहे, पाठव आता स्वयंपाकघरात.

तिचा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा होता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना होता, तिथे तो पुठ्ठा कापायच्या मशीनवर असायचा. राहायचाही तिथल्याच खोल्यांमध्ये. त्या मशीनच्या धडधडाटानं बाकीच्यांची डोकी उठायची, हा एकटा मजेत. लहानपणी दोघा भावंडांनी हातांची आपली एक भाषा तयार केली होती. घरात दुसऱ्या कुणाला ती पुरती यायची नाही. त्या भाषेत कात्रीसारखी बडबडी बाई शोधून सापडली नसती. एकदा तिचे हात सुटले की थांबायचं नाव नाही. शेवटी धाकटा तिची दोन्ही मनगटं धरून ठेवायचा, म्हणजे बाई, पुरे कर आता.

टेलिफोन घरोघर आले, टेपरेकॉर्डर आले, कानाला लावून हिंडायचे वॉकमन आले. जे जे नवं निघायचं ते कानवाल्यांसाठी. धाकट्याला काही कळवायचं तर कारखान्याच्या वॉचमनकडे निरोप ठेवावा लागायचा, आणि वॉचमन तो हमखास विसरायचा. पेजर मात्र वाजवायचा नसेल तर थरथरायचा. कात्रीनं कंपनीकडून एक मागून घेतला, धाकट्याला ऑफिसात बोलावलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात घातला. मग पलीकडच्या खोलीत जाऊन निरोप पाठवला. तो छातीवर हात ठेवून तसाच बाहेर आला. उभ्या जन्मात त्याला पहिल्यांदाच कुणीतरी दुरून हाक मारली होती. त्या दिवशी ती घरी येऊन खूप रडली, आणि नवऱ्यानं विचारलं तर कारण सांगता येईना.

पुढे ती त्याला रोज निरोप पाठवू लागली. उत्तर यायची सोयच नव्हती. सुटीच्या दिवशी तो घरी यायचा, तेव्हा आठवडाभराची उत्तरं हातांनी द्यायचा. वर्षभर हे सुरळीत चाललं. मग त्याचं येणं कमी होत गेलं. आला तरी जेवायचा, भाचीशी पत्ते खेळायचा, आणि उरलेला वेळ खिशात हात घालून बसायचा. त्या घरात खिशात हात घालणं म्हणजे तोंड बंद करणंच होतं. काय झालं म्हणून तिनं खोदून खोदून विचारलं. त्यानं एक हात बाहेर काढून काही नाही म्हटलं आणि पुन्हा आत घातला. नवरा म्हणाला, अगं, मोठा झालाय तो, त्याचं त्याला जगू दे. तिला काही ते पटलं नाही. तिच्या जिवाला घोर लागला, की हा आपल्यापासून तुटतोय, आणि का, ते कळत नाही.

मग भाचीचं शाळेत नाटक आलं. पोरीनं मामासाठी आपल्या हातानं खुर्ची धरून ठेवायचं ठरवलं होतं. कात्रीच्या मनात होतं, अरे बाबा, दरवेळी मशीन बिघडलं म्हणतोस, या वेळी सबब सांगू नकोस हं, तू नसलास तर पोरीचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही आणि माझाही. बोटं सवयीनं चालली. निरोप गेला तो असा, ‘शनिवारी नाटक. ये. सबब नको.’

तो आला नाही. खुर्ची रिकामीच राहिली. घरी परतताना कात्रीनं मनाशी ठरवून टाकलं, की याला आता आपण नकोसे झालो. त्यानंतर तिचे निरोप आणखी आखूड झाले.

दिवस भराभर बदलत होते. मोबाईल आले, आणि बघता बघता पेजर कंपनीला घरघर लागली. फोन यायचे कमी झाले, मुली कमी झाल्या, आणि एक दिवस सुपरवायझरनं सगळ्यांना चहा पाजून सांगितलं, की उद्यापासून येऊ नका. धाकट्याच्या खिशातली डबीही मुकी झाली. कात्रीनं एका दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी धरली. तिथे तिचे नेमके प्रश्न पेशंटना तुसडे वाटायचे, पण तिकडे तिनं लक्ष दिलं नाही.

नवऱ्यानं घरात मोबाईल आणला, त्या संध्याकाळी तोच म्हणाला, की धाकट्यानंही घेतलाय, नंबर मी कारखान्यातून मिळवलाय. तिनं नाक मुरडलं, पण अंगठा चाललाच. ‘माझा नंबर. जपून ठेव.’

थोड्या वेळानं मोबाईल थरथरला. इतक्या वर्षांत तिकडून आलेला तो पहिला निरोप.

‘ताई, आज उलट बोलता येतंय म्हणून विचारतो. तू माझ्यावर कशासाठी रागावली आहेस? समोर असतेस तेव्हा तुझे हात इतके गोड बोलतात की विचारवत नाही. पाठ वळली की डबीवर नुसते हुकूम. ये. जा. सबब नको. त्यातलं खरं कुठलं? माझं काय चुकलं ते एकदा सांग.’

तिनं खुर्ची ओढली आणि ते पुन्हा एकदा वाचलं. मग तिनं घाईघाईनं लिहिलं, ‘रागावले नाही. ये.’ पाठवण्याआधी रिवाजाप्रमाणे स्वतःशी मोठ्यानं वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिला भावाच्या बाजूनं ऐकू आलं. तिनं एकेक अक्षर पुसून टाकलं.

पुन्हा सुरुवात केली ती ‘अरे’पासून. अरे वेड्या, तुझ्यावर कशाला रागावू, ते कंपनीचं लिहिणं होतं रे, मेलं तेच हाताला लागलं. मग नाटकाच्या वेळी जे जे कापलं होतं ते सगळं लिहिलं, खुर्चीसकट. मधे आई आजारी होती, तेव्हा दोन शब्दांत उरकलेलं सगळं लिहिलं. त्या पहिल्या दिवशी घरी येऊन का रडले, ते आता सांगता येतंय म्हणून तेही लिहिलं. अंगठा दुखायला लागला. तो मजकूर एका मेसेजात मावेना, मोबाईल त्याचे तुकडे करून पाठवत राहिला. नवरा दारात उभा राहून बघत होता.

सगळं गेलं. मग तिकडून काहीच आलं नाही. तिनं मोबाईल मांडीवर ठेवून त्यावर हात दाबून धरला. थरथरला तेव्हा चष्मा सापडेना, म्हणून नवऱ्याचाच लावला आणि मोठ्यानं वाचलं.

“मशीन बंद करून वाचतोय. अजून पाठव.” आणि मान वर करून, सवयीनं, “बरोबर?”

“बरोबर,” नवरा म्हणाला. “पाठव.”